येताना गाडी, जाताना पायी

मापबाई शिष्ट आहेत याबद्दल पेठेत दुमत नव्हतं. समोरून ओळखीचा माणूस आला तरी त्या त्याच्याकडे रस्त्यातल्या खांबाकडे बघावं तशा बघत, आणि खांबाला कोणी नमस्कार करत नाही. शिवणसामानाच्या दुकानातल्या काकू तर म्हणत की बाईंचं दुकान पायांचं आहे, पण मान काही खाली येत नाही. या शिष्टपणाचं खरं कारण ज्यांना ठाऊक होतं, ती माणसं कधी काही बोलली नाहीत. कारण ती सगळी बाईंची गिऱ्हाइकं होती.

मापबाई बूट शिवत. साधे नव्हे, साधे बूट कुठेही मिळतात. ज्याचा एक पाय दुसऱ्याहून आखूड आहे, ज्याचं पाऊल आत वळलं आहे, ज्याची बोटं यंत्रात गेली आहेत, त्याचे बूट त्यांच्याकडे होत. हे काम त्यांनी वडिलांकडून घेतलं आणि कामाबरोबर वडिलांचा एक नियमही घेतला. वडील म्हणत, पायाचं गुपित एक डॉक्टरला ठाऊक आणि एक आपल्याला. रस्त्यात ओळख द्यायची ती गिऱ्हाइकानं. त्यानं नाही दिली, तर आपण त्याला जन्मात पाहिलेलं नाही. मापबाईंनी हा नियम एक्केचाळीस वर्षं पाळला. भाचीच्या लग्नात नवऱ्या मुलाच्या वडिलांशी त्यांची रीतसर ओळख करून देण्यात आली. दोघांनी एकमेकांना पहिल्यांदाच बघितल्यासारखं बघितलं, भेटून आनंद झाला असं सांगितलं, आणि अठ्ठ्याऐंशी नंबरच्या त्या गृहस्थांनी मग रात्रभर असा काही नाच केला की बाईंनी जेवण सोडून त्यांच्या टाचा बघितल्या.

अठ्ठ्याऐंशी नंबर म्हणजे फर्म्याचा नंबर. फर्मा म्हणजे पायाची लाकडी प्रतिकृती. आधी लाकूड तासून पाय करायचा, मग त्या पायावर बूट शिवायचा. बाईंच्या दुकानाची एक अख्खी भिंत फर्म्यांनी भरलेली होती. दोनशे चौदा जोड. जोड म्हणायचं ते आपलं सवयीनं, कारण त्यातले कुठलेही दोन सारखे नव्हते. प्रत्येकावर नंबर कोरलेला होता आणि नाव एकावरही नव्हतं. कुठला नंबर कोणाचा हे लिहून ठेवलेली वही दुकानात नव्हती. ती बाईंच्या डोक्यात होती, आणि तिथे त्या कोणाला डोकावू देत नसत.

त्यांच्या कामाची दुसरी खासियत म्हणजे त्या बघण्यापेक्षा ऐकत जास्त. दुकान अरुंद आणि लांब, आणि जमीन जुन्या लाकडी फळ्यांची. नवं माणूस आलं की त्या त्याला दारापासून मागच्या भिंतीपर्यंत चालायला सांगत आणि स्वतः पाठ करून उभ्या राहत. माणूस आपल्याकडे कोणी बघतंय म्हटलं की नीट चालायला जातो, आणि तिथेच माप चुकतं. डोळा भुलतो, फळी भुलत नाही, असं त्या म्हणत. तीन फेऱ्या ऐकल्या की कुठला पाय किती उचलायचा याचा हिशेब त्यांच्या मनात तयार होई. दीड इंचाचा फरक असेल तर त्या तो कधी एका जागी भरत नसत. थोडं बूच, म्हणजे कॉर्क, बुटाच्या आत, थोडी जाडी तळाला, आणि उरलेलं दुसऱ्या बुटाच्या टाचेतून गुपचूप कमी. बघणाऱ्याला दोन साधे बूट दिसत. पक्के बूट व्हायला दीडदोन महिने लागत, पण पहिल्याच दिवशी त्या बुचाचा कच्चा तुकडा कापून, पट्ट्यानं बांधून माणसाला चालतं करून पाठवत. आला तसा परत गेला असा माणूस दुकानाच्या इतिहासात नव्हता. हा इतिहास सांगताना बाईंचा आवाज किंचित चढे. बाकी वेळी तो चढत नसे.

अशा या पेठेत एका सोमवारी सकाळी दोन्ही टोकांना लोखंडी खांब उगवले. सकाळी दहा ते रात्री आठ वाहनांना बंदी. तीन महिने प्रयोग, मग सुनावणी, मग अंतिम आदेश. रस्त्याच्या मधोमध मोठाल्या कुंड्या आल्या आणि त्यांत झाडं आली. झाडांना पाणी कोणी घालायचं याचा उल्लेख आदेशात नव्हता.

पेठेतली माणसं एरवी दोन गोष्टींवर एकत्र येत नसत. ती आता एका गोष्टीवर चार गट करून एकत्र आली. मागच्या गल्लीतल्यांचं म्हणणं असं की आता सगळ्या गाड्या त्यांच्या खिडक्यांखालून जातात आणि हॉर्न स्वयंपाकघरात वाजतो. कपाटं विकणाऱ्याचं म्हणणं असं की कपाट पिशवीत घालून नेता येत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचं म्हणणं असं की रुग्णवाहिका खांबापाशी थांबली तर खांबापर्यंत यायला त्या काही रिकाम्या बसलेल्या नाहीत. आणि चौथ्या गटाचं म्हणणं होतं की छान झालं, निदान रस्ता ओलांडता येतो. पण हा गट हळू बोलत असे, कारण रहिवासी संघाचे अध्यक्ष पहिल्या तीन गटांचे होते.

अध्यक्ष म्हणजे दातांचे डॉक्टर. तीस वर्षं समोरच्याच्या तोंडात हत्यार घालून बोलल्यामुळे उत्तर ऐकायची त्यांना सवय राहिली नव्हती. मापबाईंची सही घ्यायला आले तेव्हा त्यांनी बंदी समूळ रद्द झाली पाहिजे हे चार वेळा सांगितलं, बाई आपल्या बाजूच्या आहेत हे स्वतःच ठरवलं आणि कागद पुढे केला.

बाईंनी सही केली नाही. बंदी त्यांना आवडली होती, हीच तर पंचाईत होती. आजवर गाड्यांच्या आवाजात फळी ऐकू येत नसे, म्हणून नव्या माणसाला त्या सकाळी सातला बोलवत. आता भर दुपारी दुकानात टाचणी पडली तरी कळत होतं. एक्केचाळीस वर्षांत त्यांना इतकं स्वच्छ ऐकू आलं नव्हतं. फक्त ऐकायला माणूस येत नव्हता.

जवळच्या टोकाच्या खांबापासून दुकानापर्यंत दोनशे चाळीस पावलं होती. धडधाकट माणसाला ते काहीच नाही. बाईंच्या जुन्या गिऱ्हाइकांनाही काही नाही. ती बूट घालून ऐटीत येत. पण जुना माणूस वर्षातून एकदा टाच बदलायला येतो. दुकान चालतं ते नव्या माणसावर. आणि नवा माणूस म्हणजे अजून बूट नसलेला माणूस. त्याला दोनशे चाळीस पावलं हे अंतर नसतं, ती शिक्षा असते. ती सातची वेळ बंदीबाहेर होती खरी, पण सकाळी सातला लांबून येणं सगळ्यांना जमत नसे. आणि बाई घरोघर जाऊन माप घेत नसत, कारण फळी घरोघर नेता येत नाही.

दुसऱ्या महिन्यात एक शिक्षिका येणार होती. अपघातानंतर एक पाय दोन इंच आखूड, आणि तीन गावं ओलांडून ती भाड्याच्या गाडीनं येणार. गाडी खांबापाशी थांबली. तिथून ती चालत निघाली ती शिवणसामानाच्या दुकानापर्यंत आली, काकूंच्या पायरीवर बसली आणि वीस मिनिटं बसून राहिली. दारातून मापबाईंना ती दिसत होती. ती कोण हे त्यांना चालीवरून कळलं होतं. पण भर रस्त्यात जाऊन, लोकांसमोर, तुम्हीच का त्या, चला मी धरते, असं म्हणणं म्हणजे वडिलांचा नियम कुंडीत गाडणं. बाई दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. शिक्षिका उठली आणि उलट दिशेला, खांबाकडे गेली.

संध्याकाळी तिचा फोन आला. तक्रार नव्हती. ती म्हणाली, "तुमची पाटी दिसत होती हो. पण पाटी दिसली म्हणजे पोचलं असं होत नाही ना."

त्या दिवशी बाई जेवल्या नाहीत. त्यांचे यजमान जन्ममृत्यू नोंदणी कार्यालयातून निवृत्त झालेले होते, आणि आयुष्यभर लोकांच्या येण्याजाण्याची नोंद ठेवल्यामुळे त्यांचा कागदावर फार विश्वास. त्यांनी आदेशाची प्रत आणली, चष्मा पुसला आणि सातवं कलम वाचून दाखवलं. चालण्यास अडचण असलेल्या व्यक्तींसाठी, गरज आढळल्यास, वाहनास सवलत देता येईल. गरज आढळते की नाही हे मोजणीतून ठरेल.

"मग झालं तर," बाई म्हणाल्या.

"मोजू दे. मोजल्यावर दिसेलच," यजमान म्हणाले, आणि पाण्याची बादली घेऊन कुंड्यांकडे गेले. शत्रूच्या कुंड्यांना तुम्ही पाणी का घालता, असं डॉक्टरांनी त्यांना एकदा विचारलं होतं. झाडानं कुठे आदेश काढलाय, असं उत्तर त्यांनी दिलं होतं. डॉक्टरांनी ते ऐकलं असण्याची शक्यता कमी.

मोजणी दोन दिवस झाली. वाहतूक खात्याचा एक मोजणीवाला खांबापाशी उभा राहिला. पस्तिशीचा, सडपातळ, हातात पॅड आणि पॅडला लावलेला फॉर्म. दहा ते आठ तो उभाच होता; बसायला कोणी स्टूल दिलं नव्हतं आणि त्यानंही मागितलं नव्हतं. मापबाई सकाळी दूध घेऊन त्याच्यासमोरून गेल्या तेव्हा त्यानं एकदा वर बघितलं आणि चटकन फॉर्ममध्ये मान घातली. बाई खांबासमोरून जावं तशा गेल्या. दहा पावलांवर त्यांच्या ओठांचा कोपरा जरा हलला. तो एकसष्ट नंबर होता. बारा वर्षांचा असताना आईबरोबर आला होता, फळीवर चालताना ठक-ठुक, ठक-ठुक. आता तो पाय बदलताना आवाज होत नव्हता. दोन दिवस वीस तास उभा राहून त्यानं एकदाही खांबाला टेकून घेतलं नाही, हे बाईंनी दारातून तीन वेळा येऊन बघितलं. लोकांना वाटलं, बाई गिऱ्हाइकाची वाट बघताहेत.

मोजणीचा निकाल आठवड्यानं खांबाशेजारच्या फलकावर लागला. पेठेत आत आलेल्या एकूण व्यक्ती: सात हजार तीनशे बारा. त्यांपैकी चालण्यास दृश्य अडचण असलेल्या व्यक्ती: शून्य.

बाईंनी ते दोनदा वाचलं. त्या दोन दिवसांत त्यांची नऊ गिऱ्हाइकं त्या खांबावरून गेली होती. एकाची घोट्याची हाडं जोडलेली होती, एकीला चार बोटं नव्हती, एकाचे दोन पाय दोन वेगळ्या माणसांचे वाटावेत इतके वेगळे होते. आणि सरकारनं, खास माणूस नेमून, फॉर्म भरून, शिक्का मारून लेखी दिलं होतं की यांच्यातला एकही लंगडत नाही. एक्केचाळीस वर्षांत बाईंना कुठलं प्रशस्तिपत्र मिळालं नव्हतं. हे पहिलं. त्या रस्त्याच्या मधोमध एकट्याच हसल्या. काकूंनी दुकानातून ते बघितलं आणि बाईंना उन्हाचा त्रास झाला असावा असं चौघींना सांगितलं.

घरी आल्यावर त्यांनी यजमानांना आकडा सांगितला.

"शून्य?" यजमान म्हणाले. "अगं, मग फ्रेम करून लावू की भिंतीवर."

"लावू," बाई म्हणाल्या, आणि मग त्यांचा चेहरा उतरला, कारण सातवं कलम त्यांना त्याच वेळी आठवलं. गरज आढळल्यास. गरज आढळली नव्हती. त्यांनी ती इतक्या सफाईनं लपवली होती की आता तिचा कोणाला पत्ताच लागणार नव्हता. जन्म नोंदवायला न आलेला माणूस कागदावर जन्मलेलाच नसतो, हे यजमानांइतकं कोणाला ठाऊक असणार.

सुनावणीच्या चार दिवस आधी डॉक्टर दुकानात आले. शून्याची बातमी त्यांनाही लागली होती आणि त्यांना एक कल्पना सुचली होती. ती त्यांनी उभ्याउभ्याच सांगितली. बाईंनी आपली गिऱ्हाइकं सुनावणीला आणायची. वीसपंचवीस पुरे. पण हे बूट घालून नाही. साध्या चपला घालून. सभागृहाचा दरवाजा ते अधिकाऱ्यांचं टेबल, एवढं अंतर सगळ्यांनी एकेक करून चालत जायचं. बाकी बोलायची गरजच नाही. बंदी तिथल्या तिथे उठेल.

बाई चामडं कापायच्या रापीला धार लावत होत्या. धार लावून झाल्यावर त्यांनी वर बघितलं.

"डॉक्टर, तुम्ही बसवलेली कवळी काढून, बोळकं दाखवायला तुम्ही पेशंटला चौकात उभं कराल?"

डॉक्टर म्हणाले, हे वेगळं आहे.

"वेगळं कसं? माझी माणसं लंगडत नाहीत. एक जरी लंगडलं तर ते माझं काम चुकलं. आणि एका कागदासाठी मी त्यांना लंगडायला लावलं, तर एक्केचाळीस वर्षं चुकली."

डॉक्टरांनी तीस वर्षांत पहिल्यांदा कोणाचं तरी उत्तर ऐकलं असावं, कारण त्यांनी दाराची वाट धरली. पण जाताना दारात वळून म्हणाले, "मग दुकान कुठे हलवताय ते कळवा. संघाकडे पत्ता असलेला बरा."

या बोलण्यात दुष्टावा नव्हता, आणि म्हणूनच ते लागलं. बाईंनी हिशेब केला होता. नवे नाहीत तर तीन वर्षांत दुकान म्हणजे टाचा बदलण्याची टपरी. हलवायचं तर शहराबाहेर, गोदामांकडे, सिमेंटच्या जमिनीवर. सिमेंट काही बोलत नाही.

सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी भिंतीवरून सहा जोड उतरवले. उतरवताना त्यांचा हात एकसष्ट नंबरवर जाऊन थांबला. भिंतीवरचं ते सगळ्यांत बोलकं उदाहरण होतं; आंधळ्यालाही कळेल असा फरक. यजमान कापडी पिशवी धरून उभे होते.

"घे की. हा चांगला आहे."

"नको."

"का?"

"उद्या तो तिथे असेल," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी शेजारचा बासष्ट उचलला.

यजमानांनी पुढे विचारलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात कुठला नंबर कोणाचा हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. बाईंच्या हिशेबानं हा त्यांचा सगळ्यांत मोठा गुण होता.

सुनावणी पालिकेच्या सभागृहात झाली. टेबलामागे वाहतूक खात्याच्या अभियंता बाई. वयानं लहान, पण समोरचा बोलत असताना लिहून घेणाऱ्या. त्यांच्या डाव्या हाताला मोजणीवाला, मांडीवर फायली. आधी डॉक्टर बोलले. मग मागची गल्ली बोलली, कपाटं बोलली, तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचं पत्र वाचलं गेलं. अभियंता बाईंनी रुग्णवाहिकेसाठी खांबाला कुलूप आणि किल्ली मान्य केली, मालाच्या गाड्यांना दुपारी एक तास दिला, मागच्या गल्लीत एकदिशा मार्ग सुचवला. बाई शहाणी आहे, असं मापबाईंना वाटलं. शहाण्या माणसाशी बोलणं अवघड असतं. त्याला कारण द्यावं लागतं.

त्यांचं नाव पुकारल्यावर त्या उठल्या आणि टेबलावर सहा जोड मांडले. बारा लाकडी पावलं. एक टाच उचललेली, एक पाऊल चंद्रकोरीसारखं, एक बोटांविना थांबलेलं.

"ही माणसं मोजणीच्या दोन दिवसांत तुमच्या खांबावरून गेली," मापबाई म्हणाल्या. "तुमच्या आकड्यात ती नाहीत."

अभियंता बाईंनी एक फर्मा हातात घेऊन फिरवून बघितला. कोणाचा, असं विचारलं.

"नाव सांगत नाही."

"एकाचंही?"

"एकाचंही नाही."

अभियंता बाईंनी फर्मा जपून खाली ठेवला. त्या म्हणाल्या की त्यांचा बाईंवर अविश्वास नाही, पण नाव नसलेलं लाकूड नोंदवणार कुठे? मोजणीत शून्य आहे, आणि शून्याच्या विरुद्ध पुरावा लागतो. त्या जे म्हणत होत्या ते बरोबर होतं. मापबाईंनाही ते बरोबर वाटलं. त्या फर्मे परत पिशवीत भरू लागल्या.

मोजणीवाला मघापासून टेबलाकडे बघत होता. आधी त्यानं नंबर वाचले: नऊ, चौदा, तेहेतीस, बासष्ट, एकशे सात, एकशे नव्वद. मग पुन्हा वाचले. प्रत्येक बुटाच्या आत, जिभेखाली, बाई तोच नंबर ठोकत असत; बारा वर्षांचा असल्यापासून तो रोज सकाळी आपला नंबर बघत आला होता. बासष्ट होता. बासष्टच्या आधीचा नव्हता. तो का नाही, हे कळायला त्याला फार वेळ लागला नाही. ती बाई दोन दिवस खांबासमोरून जावं तशी त्याच्यासमोरून गेली होती, आणि आज दुकान बुडायच्या काठावर आलं असतानाही तिनं त्याचा जोड घरी ठेवला होता.

तो उठला. फायली खाली ठेवायला विसरला, म्हणून त्या छातीशी धरून उभा राहिला.

"मॅडम, आकडा चुकलाय."

"किती हवा होता?"

"शून्य नाही. एक. मी. एकसष्ट नंबर. माझा यात नाहीये, त्यांनी आणलेला नाही."

दहा जण नदी ओलांडतात, पलीकडे गेल्यावर प्रत्येक जण स्वतःला सोडून मोजतो आणि एक बुडाला म्हणून सगळे रडत बसतात, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकून हसतो. सभागृहात मात्र कोणी हसलं नाही. अभियंता बाईंनी विचारलं की वीस तास उभं कसं राहिलात. तो म्हणाला, बुटांवर. नोकरीला लागताना कोणी विचारलं नव्हतं आणि त्यानं सांगितलं नव्हतं, आता सांगतोय, आता जे व्हायचं ते होवो. मग त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली, आणि खरं काम तिनं केलं. दोन दिवसांत सहा गाड्या अशा आल्या होत्या की माणूस खांबापाशी उतरला, रस्त्याकडे बघून परत गाडीत बसला. त्यांना त्यानं मोजलं नव्हतं. कारण फॉर्म आत येणाऱ्यांचा होता. परत जाणाऱ्यांना रकानाच नव्हता.

अभियंता बाईंनी फॉर्म पुढे ओढून वरपासून खालपर्यंत वाचला. फॉर्म त्यांनीच बनवला होता.

"चूक तुमची नाही, माझी आहे," त्या मोजणीवाल्याला म्हणाल्या. "आणि उभं राहायचं काम तुम्ही दोन पाय सारखे असणाऱ्यांपेक्षा बरं करता, तेव्हा ते तुमच्याकडेच राहील." मग मापबाईंकडे वळल्या. "तुम्हाला काय हवंय? बंदी रद्द?"

"नाही," मापबाई म्हणाल्या. डॉक्टरांनी मागे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. "रस्ता शांत झालाय, तो तसाच राहू दे. मला ऐकू येतं त्यामुळे. माझ्याकडे पहिल्यांदा येणाऱ्याला दारापर्यंत गाडी हवी. तेवढंच."

"आणि परत जाताना?"

"येताना गाडी, जाताना पायी."

अभियंता बाईंना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. बाईंनी पुन्हा सांगितलं. जाताना गाडी नको. जाताना माणूस खांबापर्यंत आपल्या पायांनी जाईल, पहिल्याच दिवशी. नाही गेला, तर पुढची परवानगी खुशाल बंद करा.

असा अर्ज त्या खात्यात यापूर्वी आला नव्हता. सवलत मागायला येणारा माणूस हाताला लागेल तेवढी मागतो. अर्धी परत करणारा कोणी भेटत नाही. आदेशात ते कसं लिहायचं यावर खात्यात तीन दिवस खल झाला. अखेर मापबाईंच्या यजमानांनी मसुदा करून दिला आणि त्यात "आगमनार्थ" हा शब्द घातला. तो शब्द घालायला मिळाल्यामुळे पुढचे पंधरा दिवस त्यांची तब्येत उत्तम होती.

सभागृहातून बाहेर पडताना मोजणीवाला जिन्यापाशी उभा होता. त्यानं आधी मान लववली. म्हणजे ओळख दिली. एक्केचाळीस वर्षांच्या नियमाप्रमाणे आता मापबाईंनाही त्याला ओळखता येत होतं.

"डाव्या टाचेची बाहेरची बाजू झिजलीय," त्या म्हणाल्या. "तुम्ही उठलात तेव्हा ऐकलं. ये रविवारी." बोलता बोलता 'तुम्ही' सुटून गेलं, बारा वर्षांच्या मुलाला त्यांनी कधी अहोजाहो केलं नव्हतं.

शिक्षिका पुढच्याच आठवड्यात आली. परवान्याचा कागद काचेला लावून गाडी दारात थांबली, तीन पावलांत ती आत आली, आणि बाई पाठ करून उभ्या राहिल्या. पेठ शांत होती. फळीनं जे सांगायचं ते सगळं सांगितलं. दीड तासानं, पायाला बुचाचा कच्चा तुकडा बांधून, शिक्षिका दाराबाहेर पडली आणि खांबाकडे चालू लागली. काकूंच्या पायरीपाशी तिनं पाऊल जरा हळू केलं, पायरीकडे बघितलं, आणि बसली नाही. मापबाई दारात उभ्या राहून पावलं मोजत होत्या. दोनशे चाळीस पावलांच्या जागी दोनशे छप्पन्न लागली. पहिल्या दिवसाला ठीक आहे, असं त्या यजमानांना म्हणाल्या, आणि आवाज किंचित चढला.

वर्षानं पुन्हा मोजणी झाली. फॉर्ममध्ये आता परत जाणाऱ्यांचाही रकाना होता. खांबापाशी तोच माणूस उभा होता, तसाच, न टेकता. निकाल फलकावर लागला: खांबापासून परत गेलेल्या व्यक्ती, शून्य. चालण्यास दृश्य अडचण असलेल्या व्यक्ती, शून्य. आणि त्याखाली, छापलेल्या फॉर्मवर पेनानं, शिक्क्याच्या अगदी जवळ: मोजणारा धरून, एक.

या वेळी यजमानांनी विचारलं नाही. नक्कल काढून आणली, फ्रेम केली आणि फर्म्यांच्या भिंतीवर साठ आणि बासष्टच्या मधल्या जागी लावली. एकसष्ट नंबरचा जोड खाली कामावर होता. टाच बदलायची होती. बाईंनी चष्म्यावरून एकदा फ्रेमकडे बघितलं, जरा तिरकी लागलीय म्हणाल्या, आणि डाव्या बाजूखाली बुचाचा पातळ तुकडा घालून ती सरळ केली.